फोटोला ग्रंथ म्हणू नका

आपल्या मोबाइलमध्ये ज्ञानेश्वरीच्या, गाथेच्या, नाथभागवताच्या किती पीडीएफ साठल्या आहेत, ते एकदा मोजा. मग त्यांतील एकीचा तरी एक अध्याय पडद्यावर पुरा वाचला का, हे मनाला विचारा.

आमच्या भिवंडीत यंत्रमागावर आयुष्य घालवलेले एक माळकरी बाबा आहेत. नजर अधू झाली, बारीक टाइप दिसेना. मुलाने मोबाइलमध्ये सार्थ ज्ञानेश्वरी भरून दिली. अक्षर मोठे करावे तर ओवीचा शेवट पडद्याबाहेर जातो. एकेका ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे ओढायचे. आठ दिवसांत बाबांनी मोबाइल बाजूला ठेवला. मुलगा मात्र समाधानाने सांगतो, "बाबांना ज्ञानेश्वरी दिली." कुठे दिली? ज्ञानेश्वरीचा फोटो दिला.

स्कॅन म्हणजे पानाचे छायाचित्र. यंत्राला त्यात ओवी दिसत नाही, काळे-पांढरे ठिपके दिसतात. म्हणून अक्षर ओळखून घेतल्याशिवाय त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध भाविकाला मोबाइल ते वाचून दाखवू शकत नाही. ज्यांनी जीर्ण पाने स्कॅन करून वाचवली, त्यांचे उपकार आहेतच. पण काम तिथे संपले असे म्हणणे ही आपली फसवणूक आहे.

कोणी म्हणतो, "कॅलिबरमध्ये टाका, बटण दाबा, ईपब तयार!" नुसती स्कॅन टाकली तर ईपबच्या पिशवीतून तेच फोटो बाहेर पडतात. आधी अक्षर ओळखून घ्यावे लागते. टेसरॅक्टसारखी मोफत साधने ते करतात, पण जुन्या छपाईत चुकतात. 'घन'चे 'धन' होते. पानाचा क्रमांक आणि तळटीप ओवीच्या मध्येच घुसते. अनुस्वार गळतो आणि 'देवें'चे 'देवे' होते, म्हणजे 'देवाने' हा अर्थ सांगणारी खूणच जाते. वर कोणी आपोआप शुद्धलेखन लावले, तर 'जैसें'चे 'जसे' होऊन माउलींची भाषाच पुसली जाते.

मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि कोणी पाहिले नाही, तर तो दोष ताक्यात लांबवर जातो. न तपासलेले ई-पुस्तक असेच एका दिंडीतून दुसऱ्या दिंडीच्या गटात जाते. मग चुकीचा पाठच लोकांच्या तोंडी बसतो.

नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, असे बजावले. ते सगळे हाती लिहिण्याच्या काळात झाले. आपल्या हाती यंत्र आहे आणि आपण तपासायला कंटाळतो!

"पोथी हातात घ्यावी, यंत्र कशाला?" असेही काही जण म्हणतात. पोथी जरूर घ्यावी. पण ज्याला दिसत नाही, त्याने काय करावे? इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली गाथा दोन खंडांत छापून निघाली. वही छापील झाली म्हणून अभंग बाटला नाही. पडद्यावर आला म्हणूनही बाटणार नाही. चुकीचा छापला तर मात्र बाटेल.

उपाय सोपा आहे. एकच आवृत्ती धरा आणि तिचे नाव पहिल्या पानावर लिहा. संतांची वाणी सर्वांची आहे, पण अलीकडचा अर्थ आणि टिपा हक्काखाली असू शकतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे तो हक्क राहतो, एवढे पाहून घ्या. मग एकाने स्कॅन मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने टंकलेली ओळ पाहावी. मराठी विकिस्रोतावर हेच चालते. मूळ पान आणि मजकूर शेजारी ठेवून एक तपासतो आणि दुसरा पुन्हा तपासतो.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज दहा ओव्या पाहणाऱ्या वीस जोड्या जमल्या, तर पंचेचाळीस दिवस पुरतात. एवढी माणसे भजनी मंडळांनी एकत्र येऊन जमवता येतील.

तेव्हा वाचकहो, येत्या एकादशीला पीडीएफ पुढे ढकलून सेवा घडली असे मानू नका. त्या दिवशी दहा ओव्या तपासा. बाबा वाट पाहत आहेत.