ताऱ्यांची साक्ष

दिवाळी तोंडावर आली की बडोद्यातल्या मराठी घरांतून पुण्याकडची भाजणी, कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, एखादी पैठणी अशा जिनसांची मागणी सुरू होते. पूर्वी ही कामगिरी तिकडून येणाऱ्या आप्तेष्टांच्या पिशव्यांवर सोपवलेली असे. आता ती मोबाइलवरच्या बाजारपेठेने उचलली आहे. सोय झाली, हे निर्विवाद. परंतु त्या सोयीबरोबर एक अधिकारही नकळत आपल्या हाती आला आहे आणि त्याचा विचार आपल्या घरांतून फारसा होताना आम्हांला दिसत नाही. वस्तू पोचली की पडद्यावर पाच तारे उमटतात. जेवणानंतर सुपारी कातरावी तितक्या सहजपणे आपण त्यांतले एक, तीन किंवा पाच रंगवून मोकळे होतो.

आमच्या परिचयातील एका घरी गेल्या पावसाळ्यात थालिपिठाच्या भाजणीचे पाकीट आले, ते फाटके आणि चार दिवस उशिरा. संताप होणे स्वाभाविकच होते. त्या भरात एक तारा दिला गेला आणि ‘अत्यंत बेजबाबदार’ असा शेराही मारला गेला. विक्रेती घरच्या घरी भाजणी करून विकणारी बाई. माल मागणीच्या दिवशीच रवाना केला होता, असे तिने खाली नम्रपणे लिहिले. तोपर्यंत तिच्या नावावर अवघे दहा अभिप्राय होते, सगळे पाच ताऱ्यांचे. साधी सरासरी धरली तरी या अकराव्याने ती पाचावरून ४.६ वर आली. हजार अभिप्राय गाठीशी असलेल्या व्यापाऱ्याला तोच एक तारा ओरखडाही काढत नाही. म्हणजे दोष कुरियरचा, राग आमच्या स्नेह्यांचा आणि दंड मात्र जिचे बस्तान अजून बसायचे आहे तिला!

ही रीत आली कुठून, हे पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९९५ साली पिअर ओमिडियार यांनी जो लिलावाचा ऑनलाइन बाजार उघडला, तोच पुढे ‘ईबे’ या नावाने प्रसिद्ध झाला. तिथे घेणारा आणि देणारा एकमेकांना कधी पाहतही नव्हते. म्हणून फेब्रुवारी १९९६ पासून दोघांनी एकमेकांविषयी बरा, वाईट किंवा मध्यम असा जाहीर शेरा द्यावा, अशी सोय झाली. परक्यावर विश्वास टाकायचा तर त्याच्याविषयी इतर चार जणांची साक्ष हवी, ही त्यामागची कल्पना. ती निष्फळ ठरली नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका नामांकित विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डे काही स्वतःच्या नावाने, तर तशाच जोडीची काही नव्या, अपरिचित नावांनी विकली. जुन्या नावाला ग्राहकांनी सरासरी ८.१ टक्के अधिक किंमत दिली. लौकिकाला बाजारभाव असतो तो असा.

तथापि दोन्हीकडून शेरा देण्याच्या या पद्धतीत एक गोम होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सुमारे निम्म्या व्यवहारांत ग्राहकाने काहीच लिहिले नव्हते आणि लिहिणाऱ्यांत प्रतिकूल शेरा शंभरात एकापेक्षाही कमी होता. सगळेच विक्रेते सज्जन होते म्हणावे, तर तसे नव्हे. ‘तू मला वाईट म्हणशील तर मीही तुला म्हणेन’ हा धाक होता. पुष्कळ विक्रेते ग्राहकाचा शेरा येईपर्यंत आपला राखून ठेवीत. अखेर मे २००८ पासून ईबेने विक्रेत्याचा ग्राहकाविरुद्ध प्रतिकूल शेरा देण्याचा हक्क काढून घेतला. त्या निर्णयाची घोषणा झाली तेव्हाच, फेब्रुवारीत, चिडलेल्या अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार पुकारला होता.

निर्णय चुकीचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. धाकाखाली दिलेल्या साक्षीला अर्थ नसतो. पण तेव्हापासून ग्राहकाची बाजू निरंकुश झाली, हेही खरेच. घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये निराळी वाट काढली. पाहुणा आणि यजमान या दोघांचेही अभिप्राय झाकून ठेवायचे आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवस उलटल्यावरच ते उघडायचे. आम्हांला ही वाट अधिक न्यायाची वाटते.

आपल्या रावपुऱ्यातल्या किराणा दुकानदाराकडे उधारीची वही असे. ती वही म्हणजे गिऱ्हाइकाविषयीचा अभिप्रायच! कोण पहिल्या तारखेला पैसे आणून देतो, कोण मिठाईचा निम्मा डबा संपवून ‘शिळी होती’ म्हणत परत आणतो, हे त्याला पाठ असे. आपण त्याला बोल लावू शकत होतो आणि तोही आपल्याला. आता ती वही मिटली आहे. वापरलेली साडी परत करणाऱ्याचे नाव नव्या दुकानदाराला कोठे वाचायला मिळत नाही.

विक्रेत्यांची लबाडीही कमी नाही. खोक्यात चिठ्ठी निघते की, पाच तारे द्या आणि शंभर रुपये परत मिळवा. ही सरळ साक्षीदार विकत घेण्याची रीत झाली. ते शंभर रुपये घेणारे घर पुढच्या अनोळखी गिऱ्हाइकाला फसवण्यात भागीदार होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ई-कॉमर्सविषयक नियमांनी विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणले. ते आले तेव्हा ऐच्छिक होते.

याच २०२० च्या नियमांत आमच्या वाचकांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा, असे बंधन आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही आहेच. फाटके पाकीट, बदललेला रंग, आखूड निघालेले कापड यांची दाद आधी तिथे किंवा विक्रेत्याकडे मागावी. बहुतेक ठिकाणी पोचवणाऱ्याविषयी वेगळे विचारतात. त्याचा राग तिथेच नोंदवावा. दाद मिळाली नाही, तर मग शेरा अवश्य कडक द्यावा. तेव्हा भिडेखातर गोड लिहिणे हाही अन्यायच, तो मागून येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

आणि वस्तू चांगली निघाली असता गप्प का बसावे? आमच्या पाहण्यातील कितीतरी घरांत भाजणी आजी खाते आणि तारे नातू देतो. “धने जरा जास्त भाजले गेलेत, पण वास अगदी आमच्या आईच्या भाजणीचा,” असे आजी म्हणत असते. नातू ‘ओके’ एवढेच लिहितो आणि तीन तारे देऊन आपल्या खेळाकडे वळतो. आजीचे ते वाक्य त्याने तसेच्या तसे टाइप केले, तर त्या भाजणी करणाऱ्या बाईला पुढच्या खेपेस धने किती भाजावेत, तेही कळेल.