मोजणी नाही, म्हणून कायदा नाही

मुलींच्या खतन्याचा प्रश्न भारतात नेहमी आकडेवारीपाशी येऊन अडतो. जगात ही प्रथा सोसलेल्या मुली व स्त्रियांची संख्या २३ कोटींहून अधिक असल्याचे युनिसेफने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले. त्या गणनेसाठी ज्या ३१ देशांची माहिती वापरण्यात आली, त्यांत भारत नाही.

भारतात ही प्रथा मुख्यतः दाऊदी बोहरा समाजात आढळते. या समाजाची वस्ती मुंबई-सुरतेप्रमाणे वडोदरा आणि इंदूरमध्येही आहे. साधारण सातव्या वर्षी मुलीच्या जननेंद्रियावरील त्वचेचा अंश कापला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयास सांगितले की, या प्रथेला दुजोरा देणारी अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. पुढे दोनच महिन्यांनी ‘वी स्पीक आउट’ या पीडित महिलांच्या गटाने ९४ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास मांडला. त्यातील सहभागींच्या सात वर्षांवरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झाला होता. नमुना लहान आहे. परंतु मोठी पाहणी करणे हे शासनाचेच काम होते.

कायद्याची स्थितीही अशीच संदिग्ध आहे. दुखापतीची कलमे आणि ‘पॉक्सो’ पुरेसे आहेत, असा युक्तिवाद होतो. मात्र सात वर्षांची मुलगी आई-आजीविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी चढणार कशी? सप्टेंबर २०१८ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने हे प्रकरण घटनापीठाकडे सोपवले. पुढच्याच वर्षी शबरीमला फेरविचाराच्या निकालात धर्मस्वातंत्र्याच्या व्यापक प्रश्नांबरोबर त्याचाही उल्लेख झाला.

प्रथेचे समर्थन करणाऱ्या बोहरा स्त्रियाही न्यायालयात आल्या आहेत. हा निरुपद्रवी धार्मिक विधी असून त्याला अंगविच्छेद म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच समाजाशी संबंधित खटल्यात लहानशी चीरदेखील बंदीच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला.

अधिक बोलका आहे तो समाजाच्या धर्मगुरूंचा पवित्रा. २०१६ मध्ये त्यांनी या विधीचे समर्थन केले. तथापि जेथे बंदी आहे तेथील अनुयायांनी देशाचा कायदा पाळावा, असेही सांगितले. म्हणजे स्पष्ट कायद्यापुढे परंपरा वाट देते, हे परंपरेच्या रक्षकांनाही मान्य आहे. मग सिडनीतील मुलीला मिळणारे संरक्षण वडोदऱ्यातील मुलीला का नसावे? प्रथेची अधिकृत पाहणी आणि तिचे नाव घेऊन बंदी करणारा कायदा, या दोन्ही गोष्टी संसद व सरकार यांच्या अखत्यारीत आहेत. त्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.