आकडा बदलला, हिशेब का बदलला नाही?



परवा एका गावी बागायती गव्हाचे पीक पाहावयास गेलो होतो. त्या घरच्या अकरावीतल्या मुलीने पायथन या संगणकाच्या भाषेत खताचा हिशेब मांडला होता. पेरणीनंतर ३ आठवड्यांनी द्यावयाचा नत्राचा दुसरा हप्ता एकरी २४ किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया एकरी सुमारे ५२ किलो. गणित बरोबर होते. संगणकाला तिने सांगितले ते असे :

क्षेत्र = २
युरिया = क्षेत्र * ५२

येथे चांदणी म्हणजे गुणिले. नावे मराठीत चालतात, आकडे मात्र इंग्रजीत टाकावे लागतात. उत्तर आले १०४ किलो.

वडील म्हणाले, "यंदा गहू ३ एकर आहे." तिने खाली आणखी एक ओळ लिहिली : क्षेत्र = ३. युरिया विचारला, तर पुन्हा १०४! वडील तेवढाच आणावयास निघाले. आईने हटकले, "तीन एकराला दोन एकराचंच खत कसं पुरेल?"

"काका, संगणक चुकला का?" मुलीने मला विचारले.

संगणक चुकला नव्हता. क्षेत्र, युरिया या नावांना 'चल' म्हणतात. शाळेच्या गणितात बरोबरचे चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू समान. पायथनमध्ये तो हुकूम असतो : उजवीकडचा हिशेब आत्ता कर आणि येणारा आकडा डावीकडच्या नावाने ठेव. म्हणूनच तेथे क्षेत्र = क्षेत्र + १ असेही लिहिता येते; जुन्या क्षेत्रात १ मिळवून नवा आकडा त्याच नावाने राहतो.

युरिया या नावाने १०४ हा आकडा राहिला. तो कसा काढला, हे राहिले नाही. आज भाव वाढला म्हणून गेल्या आठवड्याची हिशेबपट्टी बदलते का? तसेच हे.

उपाय सोपा. क्षेत्र बदलल्यावर त्याखाली युरियाची ओळ पुन्हा लिहावी, किंवा पहिल्याच ओळीत २ चे ३ करून सर्व हिशेब नव्याने चालवावा. तिने तसे केले आणि १५६ किलो उत्तर आले. नाहीतर त्या गव्हाला एकरी जेमतेम ३५ किलो युरिया मिळाला असता.

मुलांना संगणक अवश्य शिकवा. पण दुकानात जाण्यापूर्वी आलेला आकडा एकदा तोंडी हिशेबाने ताडून पाहा. त्या माउलीने तेच केले.