केस गळतात, दोष पाण्याचा नव्हे

पुण्या-नाशिककडचा एखादा तरुण नोकरीनिमित्त चेन्नईला जातो. सहा-आठ महिन्यांत फणीत केसांचे पुंजके दिसू लागतात, कपाळ रुंद झाल्यासारखे वाटते. सुट्टीत घरी आल्यावर आई काळजीने विचारते, तेव्हा उत्तर ठरलेले असते, ‘‘अगं, तिथलं पाणीच खराब आहे!’’

चेन्नईत पुष्कळ घरांना बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरावे लागते, हे खरे. त्यात बारमाही घाम आणि डोक्यावर हेल्मेट. पण दोष पाण्याचाच असता, तर त्याच पाण्याने न्हाणाऱ्या बायकोलाही तसेच टक्कल पडले असते. शिवाय त्याच्या स्वतःच्या कानांमागचे आणि मानेवरचे केस दाट राहिले नसते. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळे मात्र मरत नाहीत.

मग टक्कल पडते कशामुळे? १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी हार्मोन दिल्यावर मात्र ज्यांच्या घराण्यात टक्कल होते, त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता, दोन्हींचा यात हात असतो. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. कपाळावरची आणि माथ्यावरची मुळे त्याला फार संवेदनशील असतात. ती हळूहळू आकसतात आणि दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक व आखूड होतो. हा वारसा केवळ मामाकडून येतो, हा समजही अपुरा आहे. तो आई आणि वडील दोघांकडूनही येतो.

मात्र, केसांची प्रत्येक गळती टकलाकडे नेत नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि खापर नव्या साबणावर फुटते! हे केस बहुधा काही महिन्यांत परत येतात. थायरॉइडचे विकार, लोहाची कमतरता, वजन घटवण्यासाठी केलेली उपासमार, यांनीही केस जातात. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, तर ती चाई असू शकते आणि तिचे उपचार निराळे असतात. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून कारण समजून घ्यावे, मग बाटली विकत घ्यावी.

खोबरेल तेलाने केस मऊ राहतात, तुटत नाहीत, पण त्याने टकलावर नवे केस उगवत नाहीत. तिरुपतीला मुंडण केल्यावर येणारे केस दाट वाटतात, कारण त्यांची टोके बोथट असतात. मुळांची संख्या तेवढीच राहते. आनुवंशिक गळतीवर मिनॉक्सिडिल हे लावायचे औषध आणि फिनॅस्टेराइड ही गोळी उपयोगी पडते, पण बंद केल्यावर फायदा ओसरतो. या गोळीने काहींची कामेच्छा कमी होते. त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

उरतो तो केशरोपणाचा मार्ग. मानेकडची मुळे या हार्मोनला दाद देत नाहीत आणि पुढे लावल्यावरही आपला गुण सोडत नाहीत, या तत्त्वावर तो उभा आहे. पण ही शस्त्रक्रिया आहे, केशभूषा नव्हे! २०१६ च्या मे महिन्यात चेन्नईत एका २२ वर्षांच्या तरुणाने केशरोपण करून घेतले. लगेच त्याची प्रकृती बिघडली आणि दोनच दिवसांत तो दगावला. तो स्वतः वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्या केंद्राकडे परवाना होता, तो केवळ सलूनचा! २०१९ मध्ये मुंबईतही केशरोपणानंतर एकाचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बजावले, की कार्यशाळेला हजेरी लावून किंवा यूट्यूबवर पाहून केशरोपण शिकता येत नाही. प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयांचे रीतसर शिक्षण त्यासाठी हवे. म्हणून सुई टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांची पदवी विचारावी. भूल कोण देणार आणि जिवावर बेतले तर तिथे काय सोय आहे, हेही विचारावे. यात संकोच कसला?

खरे दुखणे अनेकदा डोक्यावर नसून मनात असते. लग्नाच्या बाजारात नाव मागे पडेल, मित्र हसतील, या धास्तीने माणूस नको त्या दारात जातो. त्याच चेन्नईत मराठी घरात जन्मलेले रजनीकांत पडद्यावर झुपकेदार केसांनी वावरतात आणि चारचौघांत मात्र विरळ केसांनिशी, टोप न घालता येतात. त्यांच्या चाहत्यांचे प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालेले नाही. घरच्यांनीही मुलाच्या कपाळाकडे पाहून थट्टा करण्याऐवजी एवढे लक्षात ठेवले, तर त्याचा धीर खचणार नाही.