तुझा विषय कोणता?



गेल्या महिन्यात आमच्या केंद्रात एक मुलगी आली होती. आईवडील ऊसतोड कामगार. बालपण निम्मं आजीजवळ, निम्मं फडावरच्या कोपीत. आता ती विद्यापीठात पीएच.डी. करते. तिला भूजलावर काम करायचं आहे. मार्गदर्शक म्हणाले, "त्यापेक्षा ऊसतोड बायकांवर कर. तुझ्याकडे मटेरियल आयतं आहे."

खरं सांगते, मलाही ते आधी पटलं होतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा त्यांच्यातलीच कुणी अभ्यासक असती तर, असं आम्ही कितीदा म्हटलं होतं! ती म्हणाली, "ताई, आमच्या गावातून कोयता निघतो तो विहिरीला पाणी नाही म्हणून. पाणी कुणाच्या बोअरमध्ये गेलं, ते मला मोजायचंय."

मी गप्प झाले.

नंतर तिच्या विभागात जाऊन बसले. नर्सची नोकरी सोडून आलेली एक बाई रात्रपाळीवर अभ्यास करते आहे. एक निवृत्त शिक्षिका जुनी क्रमिक पुस्तकं चाळते आहे. पुण्यातल्या बँक अधिकाऱ्याची मुलगी बंजारा बायकांच्या भरतकामावर लिहिते आहे, आणि छान लिहिते. "तू तुझ्या घरातल्या बायकांवर लिही" असं तिला मात्र कुणी सांगितलेलं नाही.

माणूस कुठून येतं त्यावर त्याला पडणारे प्रश्न ठरतात, हे आपण जाणतोच. १९७४ साली एसएनडीटी विद्यापीठात नीराबेन देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभारलं, तेव्हा बायकांचं जगणं हाच मुळी अभ्यासाचा विषय झाला. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास मात्र विद्यापीठाच्या बाहेरूनच आला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. पुढे १९९८ च्या एका लेखात शर्मिला रेगे यांनी सांगितलं की दलित स्त्रीवादाची मांडणी एकट्या दलित स्त्रियांवर सोपवून बाकीच्यांना मोकळं होता येणार नाही. मला वाटतं, त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांनी सोसलं त्यांना फक्त सोसण्यावरच बोलायला लावणं हेही एक कुंपणच.

आणि हे कुंपण विद्यापीठातच आहे असं नाही. आमच्या गटाचंच पाहा. अत्याचाराच्या सत्रात बोलायला आम्ही दरवेळी एकाच कार्यकर्तीला उभं केलं. अर्थसंकल्पावर बोलायला तिला एकदाही बोलावलं नाही. ती बी.कॉम. आहे, हे मला सहा वर्षांनी कळलं, तेही तिच्या मुलीच्या बारशाला.

त्या मुलीने अखेर भूजलाचाच आराखडा दिला आहे. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे. नाकारला तर वर्ष जाईल, शिष्यवृत्तीही. दरम्यान तिला गावागावांतल्या विहिरी-बोअरच्या नोंदी हव्या आहेत: कोणत्या साली खणली, किती फूट, सातबारा कुणाच्या नावावर, उन्हाळ्यात पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. मराठवाड्यातल्या ज्या गटांना आपल्या गावाची अशी यादी करणं जमेल, त्यांनी आमच्या पत्त्यावर कळवावं. यादी हाताने लिहिलेली असली तरी चालेल.