कर्जाची सही करण्याआधी एक हिशेब



शेतकी विभागाच्या माणसाने लागण, बेणे आणि खोडवा सोडून दवाखान्याच्या अभ्यासक्रमावर लिहावे, हे काहींना वावगे वाटेल. पण विषय ऊसबिलापर्यंत आला आहे, म्हणून लिहितो.

गाळप संपल्यानंतरची गोष्ट. आपले एक सभासद गट कार्यालयात आले. पतसंस्थेचे दोन लाखांचे कर्ज काढायचे होते आणि वसुली ऊसबिलातून व्हावी म्हणून माझी शिफारस हवी होती. म्हणाले, "साहेब, पोरीला पुण्याला घालायचीय. दवाखान्याच्या कारभाराचा कोर्स हाय एक वर्साचा. नोकरी शंभर टक्के." मुलगी बी. कॉम. झालेली, दाराशीच उभी होती. मी तिला आत बोलावले आणि माहितीपत्रक पाहिले. कागद गुळगुळीत, फोटो झकास. पण कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची मान्यता, हे कुठेच छापलेले नव्हते.

आता या कामाला भविष्य नाही असे मी म्हणणार नाही. दवाखाने बदलले आहेत. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०१८ साली आयुष्मान भारत आली. शिवाय खाजगी विमा आहेच. या सगळ्यांची पूर्वमंजुरी, कागदपत्रे, दावे आणि बिले हे काम डॉक्टर करीत नाहीत. त्याला जाणती माणसे लागतात व पुढेही लागतील. पोरीची निवड चुकीची नव्हती.

मी तिला एवढेच सांगितले की, बेणेमळा पाहिल्याशिवाय आपण बेणे आणत नाही. तालुक्यातल्या दोन-तीन दवाखान्यांत जा, बिलाच्या खिडकीवर बसणाऱ्यांना विचार आणि मग ये. पोरगी हुशार. आठ दिवसांत वहीत लिहून घेऊनच आली. नव्या पदवीधराला बारा हजार देतात. प्रमाणपत्र आणि विम्याच्या दाव्यांची माहिती असेल तर पंधरा. म्हणजे फरक महिन्याला तीन हजारांचा.

मग आम्ही तिघांनी कागदावर आकडे मांडले. फी १,१०,००० रु., राहणे-जेवण ९०,००० रु., एकूण दोन लाख. पतसंस्थेऐवजी बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले आणि व्याज ११ टक्के धरले, तर अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि सवलतीचे एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही. सरळ व्याजाने दोन वर्षांत ४४,००० रु. चढतात. मग २,४४,००० रु. पाच वर्षांत फेडायचे म्हटले की हप्ता महिन्याला सुमारे ५,३०० रु. आणि एकूण फेड ३,१८,००० रुपयांच्या घरात. मिळकत वाढली तीन हजार आणि हप्ता त्रेपन्नशे! शिवाय शिकण्याच्या वर्षात बुडालेला बारा हजारांप्रमाणे १,४४,००० रुपयांचा पगार वेगळाच.

हेच उसात मोजा. २०२५-२६ हंगामाचा एफ.आर.पी. सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रु. आहे. तोडणी-वाहतूक जाऊन हातात २,७०० राहतात असे धरले, तर ही फेड म्हणजे ११८ टन ऊस. एकरी चाळीस टनांनी जवळजवळ तीन एकरांचे बिल, आणि त्यात खत, पाणी, मजुरी धरलेलीच नाही.

हिशेब पाहून सभासदांचा चेहरा खुलला. "बरं झालं, आता शिक्षणच नको." हे मात्र मला पटले नाही. आकडे त्या कर्जाच्या विरुद्ध होते, पोरीच्या शिक्षणाच्या नव्हे. ट्रॅक्टर घेताना वा लग्नाचा मांडव घालताना आपण असा कागद पुढे घेतो का? तिथे ऋण काढून सण चालतो आणि पोरीच्या फीवर मात्र पै-पैचा हिशेब! माझ्या वडिलांनी दुभती म्हैस विकून माझ्या कृषी पदविकेची फी भरली. तो सौदा फायद्याचा ठरला, पण शिक्षण मान्यतेचे होते आणि पुढे काम काय, हे आधी ठाऊक होते.

म्हणून माझे मत असे. आधी तालुक्यातच बारा हजारांवर खिडकीला बसावे. वर्षभरात काम कळेल आणि चार पैसे साठतील. मग नोकरी सांभाळून, मान्यताप्राप्त संस्थेचा अभ्यासक्रम करावा. कर्ज लागलेच तर ते थोडे लागेल. मोठ्या शहरातच जायचे असेल, तर संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मान्यता कोणाची, प्रत्यक्ष काम कोणत्या दवाखान्यात मिळणार आणि मध्येच सोडल्यास फी किती परत. मागच्या तुकडीतल्या चार मुलांना स्वतः भेटावे. तोंडी 'शंभर टक्के' म्हणजे कोरडा ढग.

आणि कर्ज काढायचेच तर आधी राष्ट्रीयीकृत बँकेत विचारावे. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरते. लहान अभ्यासक्रमांसाठी २०१५ ची कौशल्य कर्ज योजना आहे; तिची दीड लाखाची मर्यादा २०२४ मध्ये साडेसात लाख झाली. मान्यता नसलेल्या संस्थेला बँक कर्ज नाकारते, यातच निम्मे उत्तर मिळते. ऊसबिलावर बोजा हा अगदी शेवटचा मार्ग. ते बिल घरातल्या सगळ्यांचे आहे.

शिफारशीचा तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, बिनसहीचा. निर्णय त्यांच्या घरचा. ज्यांना असा हिशेब मांडायचा असेल त्यांनी गट कार्यालयात जरूर यावे. येताना माहितीपत्रक आणावे आणि मुलीलाही बरोबर आणावे. दाराशी उभे न करता तिला खुर्ची द्यावी, कारण हप्ता शेवटी तिलाच फेडायचा आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी