अँटिव्हायरस घेतला, पण प्रोसेसरचे काय?

संगणक कक्षाला जुने संगणक भेट देणाऱ्या शनवाऱ्यातील पालकांचे आम्ही ऋणी आहोत. तरी स्पष्ट लिहितो : जुन्या संगणकात नवा अँटिव्हायरस टाकला की झाले, हा समज आम्हास मान्य नाही.

पुण्याच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानातून 'क्विक हील' उभे केले, तेव्हा फ्लॉपीतला व्हायरस एकटे सॉफ्टवेअर पकडत असे. आता पहाऱ्याचा काही भाग प्रोसेसरमध्येच असतो. विंडोजच्या गाभ्यात परका कोड शिरू न देणारी 'मेमरी इंटिग्रिटी' प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनवर चालते. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या प्रोसेसरवर तिचा भार अधिक पडतो, संगणक रेंगाळतो, मग मुले (कधी शिक्षकही!) ती बंदच करतात. स्टॅकचे हार्डवेअर संरक्षण तर २०२० पूर्वीच्या इंटेल वा एएमडी प्रोसेसरात नाहीच. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते.

कार्यालयात विद्यार्थ्यांचे आधार व शिष्यवृत्तीचे तपशील असतात. म्हणून विश्वस्त मंडळास आमचा आग्रह आहे की दहा जुन्यांऐवजी चार नवे संगणक घ्यावेत. जुने आम्ही इंटरनेटविना, टायपिंगच्या सरावाला ठेवू.